जहाजं बांधणाऱ्या गावातलं जुनं घर नेमकं किती जुनं, हे ठरतं कसं?

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या ईशान्येला साधारण ४० किलोमीटरवर एसेक्स नावाचं एक लहानसं गाव आहे. भरती-ओहोटीच्या एका नदीकाठी वसलेल्या या गावाने आजवर ४,००० हून जास्त लाकडी जहाजं बांधली. दोन डोलकाठ्यांची मासेमारीची जहाजं, म्हणजे स्कूनर, जगात दुसऱ्या कुठल्याही गावाने इतकी बांधली नाहीत असं म्हणतात.

या भागात फिरताना घरांच्या दर्शनी भिंतीवर छोट्या लाकडी पाट्या दिसतात. पाटीवर पहिल्या मालकाचं नाव आणि एक साल असतं. घर दाखवणारा माणूस आत नेतो आणि तुळईकडे बोट करून एक वाक्य हमखास ऐकवतो: ‘ही तुळई जुन्या जहाजाची आहे.’ पाटीवरचं साल आणि तुळईची ही कथा, दोन्ही तपासून बघता येतात. घराची कागदपत्रं, त्याचं लाकूड, त्यातले खिळे यांतून त्याचं वय वाचण्याची एक पक्की पद्धत आहे. तशी तपासणी केली की हाती येणारा इतिहास पाटीपेक्षा कितीतरी रोचक निघतो, म्हणून हा लेख.

आधी गावाची थोडी ओळख हवी. आजचं एसेक्स १८१९ पर्यंत शेजारच्या इप्सविच गावाचा भाग होतं आणि त्याचं नाव होतं चेबॅको. इप्सविचची जमीन मूळची अगावाम या तिथल्या मूलनिवासी लोकांची. त्यांचा प्रमुख मास्कोनोमेट याने १६३८ साली ती इप्सविच वसवणारा इंग्रज वसाहतकार जॉन विन्थ्रॉप धाकटा याला २० पौंडांना लिहून दिली. त्याआधी, १६१६ ते १६१९ या काळात, युरोपीय खलाशांबरोबर आलेल्या साथीने या किनाऱ्यावरची गावंच्या गावं रिकामी झाली होती. त्यामुळे २० पौंडांच्या या व्यवहाराला दोन तुल्यबळ पक्षांमधला सौदा म्हणणं मला कठीण जातं. इथल्या कुठल्याही घराच्या कागदांची साखळी मागे मागे नेली तर ती शेवटी याच व्यवहारापाशी येऊन थांबते.

आपण ज्या घराचा आधार घेणार आहोत ते कॉग्सवेल घराण्याचं. जॉन कॉग्सवेल १६३५ साली इंग्लंडहून ‘एंजल गॅब्रिएल’ नावाच्या जहाजातून कुटुंबासह निघाला. त्या ऑगस्टमध्ये आलेल्या भयंकर चक्रीवादळात ते जहाज आजच्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर पेमाक्विडला फुटलं. कुटुंब वाचलं. पुढच्या वर्षी, १६३६ साली, त्याला चेबॅकोत नदीकाठी ३०० एकर जमीन मिळाली. आज तिथे उभं असलेलं घर ‘कॉग्सवेल्स ग्रँट’ म्हणून ओळखलं जातं आणि त्याच्या बांधणीचं साल आहे १७२८.

इथेच पहिली गल्लत होते. जमीन १६३६ ची, घर १७२८ चं. मध्ये ९२ वर्षं गेली, म्हणजे तीन पिढ्या. न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या या राज्यांमधल्या, अनेक पाट्यांवर जी सालं सापडतात ती खरं तर जमिनीची किंवा घराण्याच्या आगमनाची असतात. घराण्याला आपलं घर जुनं वाटावं यात गैर काही नाही, पण इतिहास लिहिताना या दोन तारखा वेगळ्या ठेवाव्या लागतात.

गावात जहाजं का बांधली गेली, याचं उत्तरही याच शेताजवळ सापडतं. १६६८ साली इप्सविचच्या रहिवाशांनी ‘मिस्टर कॉग्सवेल यांच्या शेताजवळची’ एक एकर जागा जहाजं बांधण्यासाठी राखून ठेवली. कुणाही रहिवाशाने तिथे यावं, सुतार लावावेत आणि जहाज बांधावं, अशी ती सामायिक जागा होती. काठावर ओकची दाट राई होती आणि नदी उथळ असली तरी भरतीला रिकामं जहाज समुद्रापर्यंत नेण्याइतकी खोल होई. त्यात इंग्लंडच्या नौकानयन कायद्यांची भर पडली. १६५१ आणि १६६० च्या कायद्यांनी साम्राज्याचा व्यापार इंग्रजी जहाजांपुरता ठेवला आणि वसाहतींत बांधलेलं जहाजही त्यात इंग्रजीच धरलं. इंग्लंडमध्ये लाकूड महाग होत चाललेलं, इथे ते दारात उभं. अमेरिकन राज्यक्रांतीच्या सुमारास ब्रिटिश नोंदणीतल्या जहाजांपैकी जवळपास एक तृतीयांश अमेरिकेत बांधलेली होती.

चेबॅकोबद्दल एक दंतकथा सांगतात. इथली पहिली होडी म्हणे एका घराच्या पोटमाळ्यावर बांधली गेली आणि ती बाहेर काढण्यासाठी खिडकीची भिंत तोडावी लागली. खरं-खोटं कुणास ठाऊक, पण घर बांधणारे हात आणि होडी बांधणारे हात इथे एकच होते, हे ती कथा अगदी बरोबर सांगते.

आता तपासणी. सुरुवात कागदांपासून होते. हे गाव ज्यात येतं त्या एसेक्स काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, जमिनीची खरेदीखतं सेलमच्या नोंदणी कार्यालयात १६४० पासूनची आहेत. त्यांत सीमा कशा लिहिलेल्या असतात ते वाचण्यासारखं आहे: अमक्या खाडीपासून खूण केलेल्या काळ्या ओकपर्यंत, तिथून दगडांच्या ढिगापर्यंत, तिथून शेजाऱ्याच्या कुंपणापर्यंत. ओक कधीच पडलेला असतो, ढीग विखुरलेला असतो, आणि संशोधकाला शेजाऱ्यांची खतं एकमेकांना जोडून नकाशा उभा करावा लागतो. खतात ‘राहतं घर’ असा उल्लेख पहिल्यांदा कधी येतो, ते बघायचं. मात्र तो उल्लेख आज उभ्या असलेल्याच घराचा आहे याची खात्री कागद देत नाही. त्याच जागी आधीचं घर असू शकतं, जे जळालं, पाडलं किंवा हलवलं गेलं. हलवलं म्हणजे अक्षरशः हलवलं. लाकडी सांगाड्याची घरं बैल जुंपून ओढून नेणं तिथे फार जुनं आहे.

कागदांतला सगळ्यात बोलका कागद म्हणजे मृत्यूनंतर केलेली मालमत्तेची यादी. मालक वारला की शेजारचे दोन-तीन जाणते लोक घरात येत आणि खोली-खोलीने फिरून प्रत्येक वस्तूची किंमत लिहीत: दिवाणखान्यात काय, वरच्या खोलीत काय, तळघरात सायडरची पिंपं किती. त्या क्रमावरून घराचा आराखडाच काढता येतो. जहाजं बांधणाऱ्या गावांत या यादीत आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे जहाजातला हिस्सा. एक जहाज सहसा एकट्याच्या मालकीचं नसे. त्याचे आठ, सोळा, बत्तीस भाग पाडले जात आणि सुतार, लोहार, शेतकरी, दुकानदार असे हिस्से घेत. जहाज बुडालं तर एकच घर धुळीला मिळू नये, हा त्यामागचा हिशोब. नांगर आणि गाईंच्या शेजारी ‘अमुक जहाजाचा सोळावा हिस्सा’ वाचला की त्या घराचा पैसा कुठून आला ते कळतं.

काही याद्यांमध्ये गुरांच्या शेजारी माणसंही असतात, किमतीसह. मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरी कायदेशीर होती आणि १७८३ च्या न्यायालयीन निकालानंतरच ती संपत गेली. ज्या घरात कुणी गुलाम नव्हतं त्याचाही या व्यवस्थेशी संबंध होताच. चेबॅकोच्या होड्या कॉड मासा आणत. चांगला मासा युरोपला जाई आणि हलका, तुटका मासा वेस्ट इंडीजमधल्या उसाच्या मळ्यांवर गुलामांना खाऊ घालण्यासाठी जाई. परतीच्या फेरीत काकवी येई, काकवीची रम होई. दिवाणखान्यातल्या सुंदर कोरीव लाकूडकामामागे हा पैसा आहे आणि घर दाखवताना तो सांगितला जायलाच हवा.

कागद संपले की लाकूड बोलू लागतं. हा भाग मला सगळ्यात आवडतो.

झाड दरवर्षी आपल्या खोडाला एक कडं चढवतं. वसंतात वाढलेला भाग फिका आणि सच्छिद्र असतो, उन्हाळा सरता सरता वाढलेला घट्ट आणि गडद. पाऊसपाणी चांगलं झालं तर कडं रुंद, कोरडं वर्ष गेलं तर अरुंद. एका प्रदेशातल्या एकाच जातीच्या झाडांवर हवामान तेच असतं, म्हणून त्यांच्या कड्यांचा रुंद-अरुंद क्रमही जुळतो. आज जिवंत असलेल्या म्हाताऱ्या ओकपासून सुरुवात करायची. त्याची आतली कडी एखाद्या जुन्या कोठाराच्या तुळईतल्या बाहेरच्या कड्यांशी जुळवायची. मग त्या तुळईची आतली कडी आणखी जुन्या घराशी. एकच चिठ्ठी फाडून केलेले तुकडे कडेला कड लावून जोडावेत, तसा हा क्रम शतकानुशतकं मागे नेता येतो. हे शास्त्र उभं केलं ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने. सूर्यावरच्या डागांचा हवामानाशी काही संबंध आहे का, हे शोधता शोधता तो झाडांकडे वळला. १९२९ साली ॲरिझोनातल्या शो लो इथे सापडलेल्या एका जळक्या तुळईने त्याच्या साखळीतला तुटलेला दुवा जोडला.

घरात हे कसं करतात? पोकळ गिरमिटाने तुळईतून पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी काढतात, ती घासून गुळगुळीत करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कडं मोजतात. सगळी भिस्त असते ती झाडाच्या सालीलगतच्या कडेवर. तुळईच्या एखाद्या कोपऱ्यावर मूळ सालीचा गोलवा शिल्लक असेल तर शेवटचं कडं मिळतं, आणि झाड कुठल्या वर्षी, कधीकधी तर कुठल्या ऋतूत तोडलं, तेही सांगता येतं. सुताराने तो भाग तासून काढला असेल तर ‘या सालानंतर केव्हातरी’ एवढंच म्हणता येतं.

झाड तोडल्याचं साल म्हणजे घर बांधल्याचं साल कसं, असा प्रश्न इथे पडायलाच हवा. उत्तर ओकच्या स्वभावात आहे. ओला ओक वाकसाने तासता येतो, सुकलेला ओक दगडासारखा होतो. म्हणून सुतार बहुधा हिवाळ्यात झाडं पाडत आणि लाकूड ओलं असतानाच सांगाडा जोडत. तोड आणि उभारणी यांत सहसा वर्ष-दोन वर्षांपेक्षा जास्त अंतर नसतं.

या पद्धतीने किती फरक पडतो, त्याचं उदाहरण इप्सविचमध्येच आहे. तिथलं व्हिपल घर दीर्घकाळ १६४० च्या आसपासचं मानलं जाई. लाकडाने वेगळं सांगितलं: सगळ्यात जुना भाग १६७७ चा आणि त्याला जोडलेला भाग १६९० चा. एका घरात दोन सालं. उलट डेडहॅम गावच्या फेअरबँक्स घराबाबत लाकडाने घराण्याच्या परंपरेलाच दुजोरा दिला. त्यातली तुळयांची झाडं १६३७ ते १६४१ या काळात तोडलेली आहेत, आणि उत्तर अमेरिकेतलं टिकून राहिलेलं सगळ्यात जुनं लाकडी सांगाड्याचं घर म्हणून ते ओळखलं जातं.

प्रयोगशाळा हाताशी नसली तरी नुसत्या बॅटरीने बरंच कळतं. पोटमाळ्यावर जायचं आणि फळीवर उजेड आडवा, पृष्ठभागाला घासून पाडायचा. पाण्यावर चालणारी वर-खाली होणारी करवत सरळ, समांतर रेघा सोडते. रेघा कमानदार दिसल्या तर फळी गोल करवतीने कापलेली, म्हणजे १९ व्या शतकातली. सांध्यांजवळ कोरलेले रोमन आकडेही दिसतात. सुतार सगळा सांगाडा आधी जमिनीवर जुळवत, प्रत्येक जोडीला तोच आकडा कोरत आणि मग सुटा करून जागेवर उभा करत. चौथ्या खांबाचा सांधा चौथ्या तुळईतच बसे, पाचवीत नाही. खिळ्यांचंही तसंच आहे. १७९० च्या दशकापर्यंत खिळा लोहार हाताने ठोकून बनवत असे, त्याच्या डोक्यावर घावाचे पैलू दिसतात. १७९५ साली याच काउंटीतल्या न्यूबरीपोर्टच्या जेकब पर्किन्सने खिळे बनवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि पत्र्यातून कापलेले चपटे खिळे स्वस्त झाले. आजच्यासारखा गोल तारेचा खिळा १८८० नंतरचा. अर्थात दुरुस्तीत नवा खिळा जुन्या फळीत जातोच, म्हणून एका खिळ्यावरून निकाल देऊ नये.

आता ती जहाजाची तुळई. पाहुण्यांना लाकडी खुंट्यांनी जोडलेले सांधे दाखवतात आणि सांगतात की ही जहाजबांधणीची खूण आहे. पण खुंट्यांचे सांधे समुद्रापासून लांब, डोंगरातल्या गावांतल्या घरांतही तसेच आहेत. त्या काळातला प्रत्येक लाकडी सांगाडा असाच जोडत. दोन लाकडांतली भोकं मुद्दाम किंचित सरकवून पाडायची, म्हणजे खुंटी ठोकली की सांधा आपोआप आवळला जातो. दुसरा पुरावा म्हणून तुळईतली रिकामी चौकोनी खाच दाखवतात. ती खाच आधीच्या वापराची असते हे खरं, पण तो वापर बहुतेक वेळा आधीच्या घरातला किंवा कोठारातला असतो. तासलेली सरळ तुळई म्हणजे मेहनतीची कमाई. घर पाडलं तरी ती कुणी फेकत नसे.

जहाजाचं लाकूड खरोखर कसं दिसतं? त्याच्या बरगड्या वाकड्या असतात आणि त्यांच्या कडा तिरप्या तासलेल्या असतात, कारण जहाजाचं अंग कुठेच काटकोनात नसतं. बाहेरच्या फळ्या ठोकलेल्या खुंट्यांच्या भोकांची दाट रांग एका बाजूने असते. लोखंडी बोल्ट असतील तर भोवती काळे डाग असतात, कारण ओकमधलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड यांची अभिक्रिया होऊन शाईसारखा काळा रंग तयार होतो. असं लाकूड सरळ भिंतीत बसवायचं तर नवं तासण्यापेक्षा दुप्पट काम, आणि आत दडलेल्या लोखंडावर आदळून हत्याराची धार जाते ती वेगळीच. शिवाय एसेक्समध्ये जहाजं जन्माला येत, म्हातारपणी परत येत नसत. जहाजाचं नुसतं अंग तयार झालं की ते ग्लॉस्टरसारख्या बंदराकडे ओढून नेत, तिथे डोलकाठ्या-शिडं चढत आणि जहाज तिथलंच होई. मोडीचं लाकूड या गावात यायचं कुठून, जेव्हा मागच्या अंगणात जंगल उभं होतं? किनाऱ्यावर एखाद्या गोठ्यात किंवा छपरीत जहाजाची फळी सापडते, नाही असं नाही. मुख्य तुळई मात्र जवळजवळ कधीच नाही.

जंगलाबाबत एक बंधन मात्र होतं. मॅसॅच्युसेट्सला मिळालेल्या १६९१ च्या शाही सनदेने २४ इंच आणि त्याहून जास्त व्यासाचे सगळे पांढरे पाइन वृक्ष इंग्लंडच्या नौदलाच्या डोलकाठ्यांसाठी राखून ठेवले. जाडी मोजायची ती जमिनीपासून १२ इंचांवर. तरीही वसाहतकाळातल्या पोटमाळ्यांवर २४ इंचांहून रुंद पाइनच्या फळ्या आढळतात, आणि कायदा किती पाळला जाई याचा अंदाज येतो.

घराचं रूपही काळ सांगतं. साधारण १७२५ पर्यंत तुळया उघड्या ठेवत, त्यांच्या कडांना नक्षीदार छाट देत. मधलं मोठं धुराडं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खोली, अशी रचना असे. त्यानंतर जॉर्जियन पद्धत आली. तुळया फळ्यांत झाकल्या गेल्या, छताला गिलावा आला, शिशाच्या जाळीतल्या छोट्या काचांऐवजी वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या आल्या. कॉग्सवेलांचं १७२८ चं घर अगदी या वळणावर उभं आहे.

आणि मग माणसं घराला कापतात. नवरा वारला की विधवेला मालमत्तेचा तिसरा हिस्सा हयातभर वापरायला मिळे. हा हिस्सा कागदावर खोल्यांत मोजला जाई: पूर्वेची खालची खोली, वरची एक खोली, तळघराचा कोपरा, भट्टीत भाकरी भाजायचा हक्क, विहिरीवर जायची वाट, पुढच्या दारातून ये-जा. ज्या घरात ती मालकीण म्हणून वावरली, तिथे तिने कुठल्या जिन्याने चढायचं हे आता तिघे शेजारी लिहून ठरवत. एका घरात दुसरं स्वयंपाकघर किंवा बुजवलेलं दार सापडलं की आधी हे वाटपाचे कागद काढून बघावेत. अनेक ‘गूढ’ भिंतींचा उलगडा त्यातच होतो.

१९ व्या शतकाच्या मध्यात एसेक्समध्ये १५ गोद्या होत्या आणि वर्षाला ५० च्या आसपास जहाजं पाण्यात उतरत. १८९४ मध्ये इथे बांधलेलं ‘अर्नेस्टिना-मॉरिसी’ आणि १९२६ चं ‘ॲडव्हेंचर’ ही जहाजं आजही आहेत. पुढे इंजिनाच्या आणि पोलादी बोटींनी लाकडी स्कूनरचा धंदा मोडला. गावात मोठे कारखाने आले नाहीत, म्हणून जुनी घरं पाडायची गरज फारशी कुणाला पडली नाही.

१९१० साली विल्यम समनर ॲपलटनने न्यू इंग्लंडमधल्या जुन्या वास्तू वाचवण्यासाठी संस्था काढली, तीच आजची ‘हिस्टॉरिक न्यू इंग्लंड’. १९३७ साली बर्ट्रम आणि नीना फ्लेचर लिटल या दांपत्याने कॉग्सवेल्स ग्रँट विकत घेतलं. दोघेही लोककलेचे आणि जुन्या सजावटीचे जाणकार. त्या काळात जुनं घर ‘मूळ रूपात’ आणायचं म्हणजे नंतरचं सगळं खरवडून काढायचं, अशी रीत होती. त्यांनी तसं केलं नाही. जुने रंग होते तिथे राखले, केलेल्या कामाच्या नोंदी ठेवल्या आणि आपण गोळा केलेल्या रंगवलेल्या वस्तूंनी घर भरलं. पुढे हे घर हिस्टॉरिक न्यू इंग्लंडकडे आलं. १९९८ पासून लोकांना खुलं असलेलं हे घर संस्थेने लिटल दांपत्याच्या काळात होतं तसंच ठेवलं आहे. १७२८ ची बैठक थाटून दाखवण्याचा मोह तिथे टाळलेला आहे. नदीकाठची १६५ एकर जमीन अजून घराभोवती आहे, आणि १६६८ साली जहाजांसाठी राखलेली ती एक एकर जागाही याच काठावर, घरापासून जवळच आहे.